परस्पर संमतीने घटस्फोट : वेगळं होण्याच्या निर्णयापासून हुकूमनाम्याच्या नकलेपर्यंत

पिशवीतून घडी घातलेला स्टॅम्प पेपर निघतो. त्यावर दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, नोटरीचा गोल शिक्का आणि वर ठळक अक्षरांत 'सोडचिठ्ठी' नाहीतर 'फारकतनामा'. कागद आणणारीची पक्की समजूत असते की आपला घटस्फोट होऊन गेलाय. कधीकधी तर याच कागदाच्या भरवशावर दुसऱ्या लग्नाची बोलणीही सुरू झालेली असतात. मला प्रत्येक वेळी तेच सांगावं लागतं आणि प्रत्येक वेळी ते सांगताना जड जातं: ताई, या कागदाने लग्न मोडत नाही.

हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच संपतं. एखाद्या समाजात काडीमोडाची रूढी असेल तर कायद्याच्या कलम २९ ने ती राखून ठेवली आहे. पण ती रूढी जुनी आहे, सलग चालत आलेली आहे, हे पुराव्यानिशी सिद्ध करावं लागतं आणि ते सोपं नाही. हुकूमनामा हातात नसताना केलेलं दुसरं लग्न रद्दबातल ठरतं, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असा कागद तुमच्याकडे असेल तर फाडू नका. तुम्ही कधीपासून वेगळे राहता याचा पुरावा म्हणून तो उपयोगी पडतो. फक्त त्याला घटस्फोट समजू नका.

मी वकील नाही. माझा घटस्फोट परस्पर संमतीने झाला आणि त्यानंतर ओळखीतल्या, ओळखीच्या ओळखीतल्या बऱ्याच जणींसोबत आणि काही जणांसोबतही मी कौटुंबिक न्यायालयाच्या बाकांवर बसले आहे. त्यातून एक गोष्ट मनात घट्ट बसली. न्यायाधीशांचा आदेश होतो दोन ओळींचा. पुढची दहा-पंधरा वर्षं मात्र चालतात ती तुम्ही दोघांनी लिहून दिलेल्या अटींवर. लोक सगळी ताकद 'एकदाचा निकाल लागू दे' यावर लावतात आणि अटींच्या कागदावर न वाचता सही करतात. म्हणून खाली अटींबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं आहे.

आधी पाहा, तुम्हाला कोणता कायदा लागतो

हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यासाठी हिंदू विवाह कायदा, १९५५. परस्पर संमतीच्या घटस्फोटाचं कलम १३ ब त्यात १९७६ साली आलं. लग्न विशेष विवाह कायदा, १९५४ खाली नोंदवलेलं असेल तर त्यातलं कलम २८ लागतं, पद्धत जवळपास तीच. ख्रिश्चनांसाठी १८६९ चा घटस्फोट कायदा आहे, त्यात संमतीची तरतूद २००१ मध्ये आली आणि त्या कायद्याच्या मजकुरात वेगळं राहण्याची मुदत दोन वर्षांची आहे. पारशी समाजाचा स्वतंत्र कायदा १९३६ चा. मुस्लिमांमध्ये संमतीने वेगळं होण्याला मुबारात आणि पत्नीने पुढाकार घेतला तर खुला म्हणतात. १९३९ च्या कायद्याखाली मुस्लिम पत्नी न्यायालयातही जाऊ शकते. एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१९ च्या कायद्याने रद्दबातल आणि गुन्हा आहे. पुढचं सगळं मुख्यतः १९५५ च्या कायद्याला धरून आणि महाराष्ट्रातली पद्धत डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे.

संमतीने, की दावा लढून?

समोरचा तयार नसेल तर कलम १३ मधलं एखादं कारण सिद्ध करावं लागतं: क्रूरता, विवाहबाह्य शरीरसंबंध, किमान दोन वर्षं सोडून जाणं, धर्मांतर, सोबत राहणं अशक्य व्हावं असा गंभीर मानसिक आजार, सात वर्षं काहीच ठावठिकाणा नसणं वगैरे. पत्नीसाठी याहून काही जास्तीची कारणं आहेत. कुष्ठरोग हे कारण २०१९ मध्ये कायद्यातून काढून टाकलं, जुन्या पुस्तकांत ते अजून दिसतं.

'आमच्यात आता काहीच उरलं नाही' हे मात्र कौटुंबिक न्यायालयात कारण म्हणून चालत नाही. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की, लग्न सांधता येणार नाही इतकं मोडलेलं असेल तर संविधानाच्या अनुच्छेद १४२ खाली सर्वोच्च न्यायालय ते संपवू शकतं. बातमी सगळीकडे फिरली आणि अनेकांना वाटलं की आता संमतीच्या अर्जानंतर सहा महिने थांबणंही गेलं. तो अधिकार फक्त सर्वोच्च न्यायालयाचा आहे. तुमच्या गावच्या न्यायालयाला तो नाही.

लढून घेतलेला घटस्फोट वर्षानुवर्षं चालतो. म्हणून दावा लागल्यावरही मधेच कधी दोघांचं जमलं तर त्याच दाव्याचं रूपांतर संमतीच्या अर्जात करून घेता येतं. ते दार बंद झालेलं नसतं.

पण एक अपवाद मी ठासून सांगते. घरात मारहाण असेल, धमक्या असतील, मुलांना हिरावून नेण्याची भीती असेल तर 'संमतीने मिटवू' या शब्दाने सुरुवात करू नका. आधी सुरक्षित जागी जा. महिला हेल्पलाइन १८१, तातडीसाठी ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, संरक्षणाचे, राहत्या घरातून बाहेर न काढण्याचे आणि खर्चाचे आदेश मिळतात. भीतीपोटी केलेली सही ही संमती नव्हे आणि कायदाही तसंच मानतो.

घरातून बाहेर पडण्याआधी

लोक कपडे भरतात. कागद राहून जातात. मग एका शाळेच्या दाखल्यासाठी तीन-तीन महिने निरोप पाठवत बसावं लागतं. हे सगळं मूळ स्वरूपात, नाहीतर निदान स्पष्ट फोटो काढून आधीच हाताशी ठेवा: लग्नाचा नोंदणी दाखला (नोंदणी नसेल तर पत्रिका आणि लग्नातले दोघांचे फोटो, त्यावरही अर्ज होतो), दोघांचे आधार आणि पॅन, मुलांचे जन्मदाखले, शाळेची आणि लसीकरणाची कागदपत्रं, पासपोर्ट, घराची कागदपत्रं आणि कर्जाचा करार, विमा पॉलिसी, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, पगारपत्रकं, बँकेचे खातेउतारे.

बँकेत एकदा तरी जाऊन पाहा की तुमच्या खात्याला मोबाईल नंबर कुणाचा जोडलेला आहे. घरातले व्यवहार नवराच बघत असेल तर बायकोच्या पगारखात्याचा ओटीपीसुद्धा त्याच्याच फोनवर जात असतो, हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय. नंबर बदला, ईमेलचा पासवर्ड बदला, जुन्या फोनवर उघडं राहिलेलं खातं बंद करा. संयुक्त खातं असेल तर त्यातून मनाला येईल तसे पैसे काढून नेऊ नका. बँकेला लेखी कळवून ते खातं दोघांच्या सहीवर चालेल असं करून घ्या.

स्त्रीधनाची यादी करा. माहेरून, सासरहून, नातेवाइकांकडून तिला मिळालेले दागिने आणि भेटी ही तिची स्वतःची मालमत्ता असते, वाटणीची नव्हे. वस्तू, अंदाजे वजन, कुणी दिली, आता कुठे आहे, असे चार रकाने पुरे. लग्नाच्या अल्बममधले फोटो इथे पुरावा होतात. ज्या फोटोकडे बघवत नाही तोच फोटो जपून ठेवायचा, हे फार कठीण असतं. तरी ठेवा.

वेगळं राहणं म्हणजे काय

कलम १३ ब साठी अर्जाच्या आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच स्पष्ट केलं आहे की वेगळं राहणं म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणं. छप्पर एकच असलं तरी चालतं. मुंबईसारख्या शहरात दुसरी खोली भाड्याने घेणं परवडत नाही म्हणून एकाच घरात दोन टोकांना राहणारी माणसं असतात, त्यांना हा निकाल ठाऊक असायला हवा. मात्र अर्जात ते तसंच खरं लिहा. खोटा पत्ता टाकू नका.

लग्नाला वर्ष झालेलं नसेल तर कलम १४ प्रमाणे अर्जच करता येत नाही. विलक्षण हालअपेष्टा असल्याचं दाखवलं तरच न्यायालय वेगळी परवानगी देतं.

वकील

संमतीच्या अर्जाला दोघांना मिळून एक वकील चालतो आणि खर्च वाचावा म्हणून बरेच जण तसंच करतात. माझं मत असं: मसुदा एकानेच करावा हवं तर, पण तुमच्या बाजूने दुसऱ्या एखाद्या वकिलाने तो वाचलेला असावा. एका बैठकीची फी जाईल, जाऊ द्या. फी ठरवताना ती कुठपर्यंतची आहे ते विचारा. दोन्ही वेळच्या तारखा, समुपदेशन, टायपिंग आणि नकला धरून की वेगळं, हे लिहून घ्या.

पैसे नसतील तर थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, राष्ट्रीय हेल्पलाइन १५१००. महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या प्रकरणात स्त्रियांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे, हेही बऱ्याच जणींना कुणी सांगत नाही.

अटींचा कागद

याला कोर्टात 'कन्सेंट टर्म्स' म्हणतात. माझ्या स्वतःच्या अर्जाची गोष्ट सांगते. पुकारा व्हायला थोडा वेळ होता, बाकावर बसून मी पहिल्यांदा पूर्ण मसुदा वाचायला घेतला आणि चौथ्या परिच्छेदात वाक्य दिसलं: 'उभय अर्जदारांना या विवाहापासून अपत्य नाही.' आमचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. दुसऱ्या कुणाच्या अर्जावरून मजकूर उचलताना ते वाक्य तसंच राहिलं होतं. मी ते बोटाने दाखवलं तेव्हा त्याचा बाप आणि मी, दोघंही काही वेळ बोललोच नाही. ती तारीख वाया गेली. वाया गेली तेच बरं झालं. त्या कागदावर सही झाली असती तर मुलाची शाळा, भेटी, खर्च यातलं काहीच कुठे लिहिलेलं नसतं.

तर मसुदा घरी मागवा. दोन दिवस ठेवा. मोठ्याने वाचा. आणि प्रत्येक अटीला चार प्रश्न विचारा: कोण, किती, कधीपर्यंत, आणि नाही केलं तर काय.

मुलांपासून सुरुवात करा. 'वडील मुलीला वेळोवेळी भेटू शकतील.' हे वाक्य वाचायला समजूतदार वाटतं आणि याच एका 'वेळोवेळी'वरून मी सगळ्यात जास्त भांडणं पाहिली आहेत. त्याऐवजी असं लिहा: 'दर महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या शनिवारी सकाळी दहा ते रविवारी संध्याकाळी सहापर्यंत मुलगी वडिलांकडे राहील. वडील तिला आईच्या इमारतीच्या दारातून घेतील व तिथेच सोडतील. दिवाळीच्या सुटीचा पहिला अर्धा भाग एका वर्षी आईकडे, पुढच्या वर्षी वडिलांकडे. उन्हाळ्याच्या सुटीतले सलग पंधरा दिवस वडिलांकडे, तारखा तीस दिवस आधी लेखी कळवायच्या. मुलगी आजारी असल्यास ती भेट पुढच्या शनिवारी.' कंटाळवाणं वाटतं ना? पण हा कंटाळवाणा परिच्छेद दर पंधरा दिवसांनी होणारी वादावादी वाचवतो. रोजच्या व्हिडिओ कॉलची वेळ, शाळेच्या पालकसभेला कोण जाणार, आजोबा-आजीला भेटणं, हेही त्यातच घाला.

ताब्याबद्दल एक गैरसमज दूर करते. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे राहावं असं १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा म्हणतो. पण कुठल्याही वयाला न्यायालय शेवटी एकच गोष्ट पाहतं, मुलाचं हित. आई कमावत नाही म्हणून मूल वडिलांकडे, किंवा मुलगा म्हणून वडिलांकडे, असा काही नियम नाही. ताब्याचा आदेश परिस्थिती बदलली तर बदलूनही घेता येतो.

मुलांच्या पासपोर्टला साधारणपणे दोन्ही पालकांची संमती लागते. 'पासपोर्ट काढणे व नूतनीकरण यासाठी वडिलांची संमती या अटींद्वारे दिली असून परदेश प्रवासाची सूचना एकमेकांना एकवीस दिवस आधी द्यायची' असं एक वाक्य घालून ठेवा. बारावीनंतर ते आठवेल.

मुलांचा खर्च हा मुलांचा हक्क आहे. 'मी काही मागत नाही, फक्त मला मोकळं करा' म्हणत आई स्वतःची पोटगी सोडू शकते, मुलाची नाही. तिने सही केली तरी मुलासाठी नंतर मागता येते. 'शिक्षणाचा खर्च वडील करतील' एवढ्यावर भागवू नका. शाळेची फी थेट शाळेत भरायची की आईच्या खात्यात, कोणत्या तारखेपर्यंत, बस, क्लास, गणवेश, सहल यात धरले की वेगळे, दरवर्षी किती टक्के वाढ, आजारपणाचा मोठा खर्च आल्यास वाटणी कशी, पदवीपर्यंत की अठराव्या वर्षापर्यंत. मुलाचं कॉलेज अठराव्या वर्षीच सुरू होतं, हे लक्षात ठेवा.

आता पोटगी. 'पगाराच्या इतके टक्के' असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. दोघांचं उत्पन्न, मालमत्ता, गरजा, लग्न किती वर्षांचं, कुणी नोकरी सोडली, मूल कुणाकडे, हे सगळं पाहिलं जातं. कलम २४ खाली दावा चालू असतानाची आणि कलम २५ खाली कायमची पोटगी पतीही मागू शकतो. रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालानंतर पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोघांना उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं तपशीलवार प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. संमतीच्या अर्जात रक्कम तुमची तुम्ही ठरवता, पण त्या प्रतिज्ञापत्राचा नमुना समोर ठेवून दोघांनी एकदा खरे आकडे भरावेत, मगच आकडा बोलावा.

एकरकमी की दरमहा? समोरच्याची नोकरी पक्की नसेल, परदेशी जाण्याचा विचार असेल, किंवा तुम्हाला संबंधच नको असेल तर एकरकमी बरी. मुलांचा खर्च मात्र एकरकमीत गुंडाळू नका. करातही फरक आहे: एकरकमी पोटगी भांडवली जमा, म्हणजे करपात्र नाही, आणि दरमहा मिळणारी रक्कम करपात्र उत्पन्न, असा मुंबई उच्च न्यायालयाचा जुना निकाल आहे. रक्कम कशी द्यायची तेही लिहा. सगळ्यात सुरक्षित पद्धत म्हणजे शेवटच्या जबाबाच्या दिवशी न्यायालयासमोर डिमांड ड्राफ्ट हातात देणं आणि त्याचा क्रमांक नोंदीत येणं. हप्ते असतील तर काही भाग अर्जाच्या वेळी, मोठा भाग शेवटी. पुढच्या तारखांचे धनादेश घेऊन 'पैसे मिळाले' असं लिहून देऊ नका.

घराबद्दल. लग्नानंतर घेतलेली मालमत्ता आपोआप निम्मी-निम्मी होते असा कायदा आपल्याकडे नाही. कागदावर नाव कुणाचं आणि पैसे कुणी भरले, यावर ठरतं. दोघांच्या नावावर घर आणि दोघांच्या नावावर कर्ज असेल तर सर्वांत आधी बँकेत जा. 'यापुढचे हप्ते पती भरतील' ही अट तुम्हा दोघांना बांधते, बँकेला नाही. त्याने हप्ते थकवले तर बँक तुमच्याकडे येणार आणि तुमचा सिबिल स्कोअर पडणार. सहकर्जदार म्हणून नाव काढायला बँकेची लेखी मंजुरी हवी, आणि बँक ती उरलेल्याच्या पगाराची ऐपत पाहूनच देते. हे आधी विचारलं नाही तर अट नुसती कागदावर राहते.

हिस्सा एकाने दुसऱ्याला द्यायचा ठरलं तर दस्त नोंदवावा लागतो. इथे क्रम महत्त्वाचा आहे. महाराष्ट्रात पती-पत्नींमधल्या राहत्या घराच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे, पण हुकूमनामा झाल्यावर तुम्ही पती-पत्नी उरत नाही. उलट दस्त फार आधी केला आणि समोरच्याने संमती मागे घेतली तर घर गेलं आणि घटस्फोटही नाही. वकील आणि सीए दोघांना विचारून दस्ताचा दिवस शेवटच्या तारखेच्या अगदी जवळ ठेवा.

उरलेल्या गोष्टी चटकन: स्त्रीधन कोणत्या दिवशी, कुणासमोर परत द्यायचं आणि यादीवर पोच, एकमेकांवरचे सगळे खटले क्रमांकासह आणि प्रत्येकाचं काय करायचं ते. पूर्वीच्या ४९८ अ किंवा आताच्या न्याय संहितेच्या कलम ८५ खालची सासरच्या छळाची तक्रार तुमच्या एका अर्जाने मिटत नाही, ती रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं आणि तिथे तक्रारदाराने हजर राहून संमती द्यावी लागते. ते केव्हा करायचं याची तारीखही अटीत हवी.

अर्ज, समुपदेशक, थांबण्याचा काळ

अर्ज कुठे करायचा? लग्न जिथे झालं, दोघं शेवटचे एकत्र जिथे राहिले, किंवा पत्नी सध्या जिथे राहते त्या ठिकाणच्या कौटुंबिक न्यायालयात. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे महाराष्ट्रात वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे.

अर्ज दाखल झाल्यावर विवाह समुपदेशकाकडे पाठवतात. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यानेच न्यायालयावर समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारी टाकली आहे. अनेकांना हे उगाच घातलेलं खोडं वाटतं. मला तसं वाटत नाही. समुपदेशक दोघांशी वेगवेगळं बोलतात आणि दबावाखाली आलेल्या एखादीला तिथेच पहिल्यांदा एकटीला बोलायला मिळतं. तुम्हाला पैशाची किंवा मुलांची एखादी अट खुपत असेल तर ती सांगायची जागा हीच.

त्यानंतर सहा महिने. अर्जाच्या तारखेपासून सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी मिळून पुन्हा न्यायालयासमोर यायचं असतं. हा काळ माफ होऊ शकतो. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही मुदत अटळ नाही. त्यासाठी अर्जाच्या आधीच दोघं दीड वर्ष वेगळे राहिलेले हवेत, समेटाचे प्रयत्न झालेले हवेत, पोटगी-ताब्याचं खरोखर ठरलेलं हवं आणि आणखी थांबल्याने फक्त त्रासच वाढणार असावा. पहिल्या अर्जानंतर आठवड्याने कारणं देऊन माफीचा अर्ज करता येतो. मान्य करणं न्यायाधीशांच्या हातात. परदेशात असलेल्या जोडीदाराला व्हिडिओ कॉन्फरन्सने हजर राहू देता येईल, असंही त्याच निकालात म्हटलं आहे.

या मधल्या काळात कुणीही एकटा संमती मागे घेऊ शकतो, अगदी हुकूमनाम्याच्या दिवसापर्यंत. म्हणून हे सहा महिने भांडण नको. ठरलेल्या भेटी आणि ठरलेला खर्च याच काळात पाळून बघा. पंधरा दिवसांनी शनिवार-रविवार जमत नाही असं दिसलं तर शेवटच्या तारखेआधी अट दुरुस्त करता येते. नंतर ते फार अवघड जातं.

शेवटची तारीख

पट्टेवाला दोघांची नावं एका दमात पुकारतो. बहुतेकींना तिथे धक्का बसतो, कारण आपलं नाव त्या आडनावासह, त्याच्या नावाशेजारी कुणीतरी मोठ्याने घेण्याची ही शेवटची वेळ असते. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. न्यायाधीश साधेच प्रश्न विचारतात: कधीपासून वेगळे राहता, अर्ज स्वतःच्या मर्जीने केला का, कुणाचा दबाव आहे का, अटी वाचल्या का, रक्कम मिळाली का. उत्तरं थोडक्यात आणि खरी द्या. रक्कम मिळाली नसेल तर 'मिळाली' म्हणू नका, मागून कुणी कितीही खुणावलं तरी. सोबत एक माणूस असू द्या, जो काही सुचवणार नाही, नुसता बसेल. निघताना गाडी स्वतः चालवायची वेळ येणार नाही असं बघा.

हुकूमनामा झाल्यावर

त्याच आठवड्यात प्रमाणित नकलेसाठी अर्ज करा आणि निदान तीन नकला मागा. अटींचा कागद हुकूमनाम्याला जोडलेला आहे ना, नावं, तारखा आणि मुलांची नावं बरोबर आहेत ना, हे खिडकीवरच तपासा. एका अक्षराची चूक पासपोर्ट कार्यालयात अडते.

मग नावांची कामं. पतीचं आडनाव ठेवणं किंवा माहेरचं घेणं हा सर्वस्वी तिचा निर्णय. बदलायचं असेल तर राजपत्रात नाव बदल, आधार, पॅन, बँक, पासपोर्ट अशा क्रमाने जा. पासपोर्टवर जोडीदाराचं नाव असेल तर नकलेच्या आधारे तो पुन्हा काढावा लागतो. भविष्य निर्वाह निधी, विमा, बँक ठेवी, डीमॅट, सोसायटी, या प्रत्येक ठिकाणचं नामनिर्देशन बदला. मृत्युपत्र असेल तर नवं करा. आरोग्य विमा नवऱ्याच्या कंपनीचा किंवा कुटुंबाच्या एकत्र पॉलिसीतला असेल तर तो हुकूमनाम्यानंतर तुम्हाला राहत नाही. जुन्या आजारांसाठीचा थांबण्याचा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागू नये म्हणून कंपनीशी आधीच बोला.

दुसरं लग्न: कौटुंबिक न्यायालयाच्या संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसतं. लढून मिळालेल्या हुकूमनाम्यानंतर मात्र अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबणं बंधनकारक आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये ती नव्वद दिवसांची धरली आहे. कुणी अपील केलं असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत.

अट मोडली गेली तर त्याच न्यायालयात हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त करता येते. त्यासाठी नोंद हवी. मी एक साधी वही केली होती: तारीख, भेट झाली की नाही, खर्च आला की नाही, किती उशिरा. शेरे नाहीत, राग नाही. व्हॉट्सॲपवरचे निरोपही त्याच सुरात ठेवा, कारण उद्या ते न्यायाधीश वाचतील आणि परवा कदाचित तुमचं मूल.

मुलाला दोघांनी मिळून सांगा, शक्य असेल तर एकाच वेळी, निकालाच्या दिवसाच्या बरंच आधी. त्याला कारणं नको असतात. तो विचारतो ते वेगळंच. आमच्या मुलाने विचारलं होतं, सायकल कुठल्या घरी राहणार. आम्ही अटींत सगळं लिहिलं होतं, सायकल राहून गेली होती. ती त्याने ज्या घरी न्यावी त्या घरी राहील, असं पेनाने वहीच्या पहिल्या पानावर लिहून आम्ही दोघांनी खाली सही केली.